कोरड्या नळ्या

६ जानेवारी

मामा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण टेबलाखाली गॅसचं सिलिंडर आहे आणि टेबलाबाहेर मी एकटी उभी राहीन एवढीच जागा. तेव्हा मान झुकवली आहे असं समज.

मामी सांगत होती की तुझा उजवा कानही आता गेला आणि फोन हातात दिला की तू तो न बोलता तिला परत देतोस. म्हणून हे पत्र. शिवाय मला तुला काही विचारायचं आहे, आणि मामीमार्फत विचारलं तर ते तुझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर भलतंच काही होईल.

मी इथे नेमकं काय करते, हे तू चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. बरंच केलंस. आता ऐक. तू जन्मभर मोटरी गुंडाळल्यास आणि वीज नको तिथे जाऊ नये म्हणून त्यांना वार्निश पाजलंस. मी बरोबर त्याच्या उलट करते. एका पांढऱ्या मातीत आपोआप घडलेल्या नळ्या असतात. माणसाच्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नळी. पोकळ, दोन्ही तोंडं उघडी, आणि वीज अजिबात न वाहणारी. तिच्यावर मी वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा लेप चढवते. प्लॅस्टिकचाच भाऊबंद, पण वाया न गेलेला. आधी नळ्यांचं पीठ लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात (पाण्यातल्या नव्हे, स्पिरिटसारख्या द्रवातल्या) सहा तास सारखं ढवळायचं, गाळायचं, मग बंद पेटीत ठेवून त्याला दुसऱ्या एका रसायनाची वाफ द्यायची. पिवळट पीठ काळं पडतं. त्याची टिकली दाबायची आणि चार सुयांच्या यंत्राखाली ठेवायची. लेप सलग असला तर वीज पलीकडे जाते. मध्ये फटी राहिल्या तर नाही.

ऑगस्टमध्ये जमलं होतं, मामा. पहिल्याच फटक्यात. आमच्या बाई (ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या) कधी हसत नाहीत, त्या दिवशी हसल्या. तेव्हा तर आमच्या खोलीची पार दैना होती. छतातला पाइप गळत होता, टेबलाशेजारी बादली, त्यात दिवसभर टप टप, डबे फुटक्या झाकणांचे. आता पाइप दुरुस्त झाला, नवे घट्ट झाकणाचे डबे आले, खोली ठणठणीत कोरडी, आणि लेपाचं मात्र बिनसलं. सात बॅच केल्या. चट्टे पडतात. ऑगस्टचा आकडा शंभर धरलास तर चाळीस येतो, पस्तीस येतो, एकदा बावन्न आला तर मला रडू आलं.

बाईंनी स्पष्ट सांगितलंय. ३१ मार्चपर्यंत लागोपाठ तीन बॅच, तिन्ही ऐंशीच्या वर. जमलं तर माझी जागा आणखी दोन वर्षं. नाही तर टेबल रिकामं करायचं. एकदा जमलं ते काम नव्हे, तो योगायोग, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नाही.

तर प्रश्न असा. वार्निश सलग बसलं नाही, चट्टे पडले, तर तू काय करायचास?

दमले आहे रे. खोलीवर येते, बूट काढायला वाकते आणि तशीच बसून राहते.

तुझी
चिमटी

१५ जानेवारी

भाचीबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसलो तर शाई पुरायची नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा मामीला वाचून दाखवलं तेव्हा तिला कळलं आणि मला राग आला, तिसऱ्यांदा मलाही कळलं. केसाचे हजार भाग! अगं, मला सुईत दोरा ओवताना घाम फुटतो. लहानपणी तारेची टोकं चिमटीत धरून उभी राहायचीस, तासन्‌तास, हालायची नाहीस, म्हणून तुला चिमटी म्हणायला लागलो. ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. सोपं आहे. ओल!

लेपाचा एकच वैरी, ओल. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आत बसलेली असते. बर्फाच्या कारखान्यातली एक मोटर आली होती माझ्याकडे, तू तेव्हा शाळेत होतीस. मालक डोक्यावर बसला होता, आजच पाहिजे, आजच पाहिजे. मी न भाजता वार्निश पाजलं. वरून काय सुंदर दिसत होती! आठव्या दिवशी परत आली ती कोळसा होऊन. सगळ्या कारखान्यादेखत तोंडावर पडलो. त्या दिवसापासून आभाळ कोसळलं तरी चालेल, पण आधी आठ तास भट्टी, मग वार्निश.

तेव्हा तू तुझ्या त्या नळ्या आधी भाज. चांगल्या भाज. आठ तासांनी नाही भागलं तर बारा. नळी पोकळ आहे म्हणतेस, म्हणजे आतसुद्धा ओल दडून बसणार. वाफ नंतर दे.

दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. तीन मोटरी उघडून पडल्यात आणि चौथा दारात उभा आहे. तरी तुझ्यासाठी वेळ काढला, हे ध्यानात ठेव.

मामी म्हणते जेव. मी म्हणतो भाज.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी भिंतीवर चिकटवलंय. बाईंनी पाहिलं आणि विचारलं, हे कोण? म्हटलं, लेपातले माझे पहिले गुरू. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि काही न बोलता गेल्या. रागावल्या नव्हत्या हे नक्की. रागावल्या की बोलतात.

बारा तास भाजल्या. फरक पडला. पीठ अगदी मोकळं झालं, गोळे नाहीत, बघायला छान. आता आणखी एक बॅच अठरा तास भाजून करते.

मध्येच एक नवी डोकेदुखी. आमच्या ढवळायच्या यंत्राची मोटर जळाली. हे मॉडेल आता कुणी बनवत नाही. नवं यंत्र मागवायचं तर अर्ज, त्यावर सही, त्या सहीवर आणखी कुणाची सही, यातच एप्रिल उजाडेल. दुसऱ्या खोलीतलं यंत्र उसनं आणलंय, ते लोक दर दोन दिवसांनी तोंड वाकडं करून विचारायला येतात. म्हणून मी मोटर उघडली आणि आतला तारा गुंडाळलेला भाग, स्टेटर, पार्सलनं तुझ्याकडे पाठवतेय. गुंडाळलेली तार सगळी काळी झालीय, पण वेढे मोजता येतील. छोटासाच आहे. तुझ्या तीन मोटरींच्या मध्ये कुठे बसला तर बघ. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही मला.

पायऱ्या चढताना आज मध्येच थांबले. लिफ्ट आहे, पण ती बंद असते. दुरुस्तीची पाटीही जुनी झाली.

चिमटी

१३ फेब्रुवारी

भाचीबाई,

मोटर पाठवतोय. दोन दुपारी लागल्या. नीट चालेल.

फरक पडला म्हणतेस, मग मी काय सांगत होतो? अठरा तास कर, चोवीस कर. लाजू नकोस. भट्टी आपल्या बापाची नाही.

घाईत आहे. मामी बरी आहे.

मामा

२२ फेब्रुवारी

मामा,

मोटर बसवली. गुरगुरही नाही, एकदम सरळ चालते. उसनं यंत्र परत दिलं आणि त्या लोकांचं तोंड सरळ झालं.

पण मामा, ही तू गुंडाळलेली नाहीस.

कॉइलच्या टोकांना दोरा आवळून बांधतोस ना, त्या गाठी मी लहानपणी शंभरदा पाहिल्यात. तुझी प्रत्येक गाठ डावीकडे, आणि उरलेलं टोक दोऱ्याखाली दडवलेलं. म्हणायचास, टोक बाहेर राहिलं तर माणूस आळशी आहे हे जगाला कळतं. या मोटरीच्या सगळ्या गाठी उजवीकडे आहेत. काम सुरेख आहे, पण हात तुझा नाही. तुझं पत्रही चार ओळींचं. तू चार ओळींत तर नुसता खोकतोस.

काय झालंय? मामीला विचारणार होते, पण ती तुझ्यासाठी खोटं बोलेल आणि मग तिला दिवसभर चुटपुट लागेल. म्हणून तुलाच विचारते.

आणि मी विचारतेय तर माझंही सांगते. फरक पडला असं मी लिहिलं, तो वाईट पडला होता. बारा तास भाजल्यावर आकडा वीस. अठरा तासांनी अकरा. काल चोवीस तासांचा निकाल आला, दोन. दोन, मामा! पीठ राखाडी राहिलं, काळं झालंच नाही. तू इतक्या हौसेनं लिहिलंस, म्हणून मला सांगवलं नाही. वाटलं, मीच कुठे तरी चुकतेय, तू कसा चुकशील.

पाच आठवडे उरलेत. आता बाई मला काही विचारतही नाहीत, फक्त येता-जाता टेबलाकडे बघतात. काल भट्टीसमोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या मला झोप लागली आणि कपाळ भट्टीच्या दाराला टेकलं. भाजलं नाही, घाबरू नकोस. पण उठून पुढची बॅच लावायची ताकद नव्हती. घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

खरं काय ते लिही.

चिमटी

४ मार्च

चिमटे,

पकडलंस. गाठीवरून पकडलंस! मामीला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, एकाला तरी तुमच्याशी खरं बोलता येतं.

दुकान सप्टेंबरपासून बंद आहे. कुलूप लावलंय, पाटी काढलेली नाही. रोज सकाळी कुलूप हलवून बघून येतो, तेवढंच.

झालं असं, की उन्हाळ्यात माझ्या तीन मोटरी परत आल्या. जळून. मी गुंडाळलेल्या! पहिल्या वेळी गिऱ्हाइकाला झापलं, दुसऱ्या वेळी तार विकणाऱ्याला. तिसऱ्या वेळी झापायला कुणी उरलं नाही. तार गुंडाळताना अंगठ्याच्या पेरावरून सरकते, कुठे ओरखडा असला, वरचा लेप उडालेला असला, की अंगठ्याला कळतं. डोळ्यांना कळायच्या आधी. तो अंगठाच गेलाय. इतकी वर्षं थिनरमध्ये बुडवला, आता त्याला गरम-थंड, खरखरीत-गुळगुळीत सगळं सारखं. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू. मी म्हटलं, बदलून द्या. ते हसले. बाकीची बोटंही त्याच्या मागे निघालीत.

मग तार ओठाला लावून पाहिली. ओठाला कळतं बऱ्यापैकी. पण मामी नेमकी तेव्हाच दारात आली आणि म्हणाली, आता तारेचे मुके काय घेताय, वयाचा तरी विचार करा! त्यानंतर तेही सोडलं.

तुझी मोटर समोरच्या डावखुऱ्यानं गुंडाळली. माझ्याच हाताखाली शिकला, आता स्वतःचं दुकान आहे, दोन माणसं ठेवलीत. मी पार्सल घेऊन गेलो तर उठून उभा राहिला. त्याचा हात डावा, म्हणून गाठी उजवीकडे. मला वाटलं तुला कळणार नाही. तुला चार वर्षांत केसाचे हजार भाग दिसायला लागले हे विसरलो.

आता तुझ्या कामाचं. तुझं पत्र वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. जळकी मोटर कुणी आणली की मी पहिला प्रश्न काय विचारतो, तुला पाठ आहे. "चालत होती तेव्हा काय वेगळं होतं?" आधी तो, मग स्क्रू ड्रायव्हर. तुला तो प्रश्न मी विचारलाच नाही. तू लिहिलं होतंस, ऑगस्टमध्ये जमलं होतं. तेव्हा तू नळ्या भाजत होतीस का? नव्हतीस! भाजायला तर मी जानेवारीत सांगितलं. न भाजता जमलं होतं, तर मी भाज म्हणून का सांगितलं?

सांगतो का. पाच महिने मला कुणी काही विचारलं नव्हतं. दुकान बंद झाल्यावर माणसाला लोक तब्येत विचारतात, काम विचारत नाहीत. तुझा प्रश्न आला आणि मी नुसता उत्तर देत सुटलो. ऐकलंच नाही. कान गेलेत ते वेगळे, हे डोळ्यांनी वाचूनही ऐकलं नाही. त्यात तुझा दीड महिना गेला. मला माफ कर म्हणणार नाही, मामानं भाचीला म्हणायची ती गोष्ट नाही, पण मनात म्हणून झालंय.

आता विचारतो. ऑगस्टची वही काढ. जमलं तेव्हा काय वेगळं होतं?

मामा

१८ मार्च

मामा,

हे पत्र परवाच लिहायला घेतलं होतं. दोन कागद फाडले. तुझ्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते, रागावू नकोस.

ऑगस्टची वही काढली. पहिल्याच पानाच्या समासात मी लिहून ठेवलंय, "टप टप. डोकं उठलं. बादली आज दोनदा रिकामी केली." डब्याचं झाकण फुटकं होतं. नळ्यांचं पीठ त्या बादलीशेजारी तीन आठवडे उघडं पडलं होतं, मामा. पार सादळलेलं. ते मी तसंच वापरलं, कारण पीठ सादळतं हे लिहायलाही मला लाज वाटली होती. पाइप दुरुस्त झाला, घट्ट डबे आले, त्यात ओल शोषणाऱ्या मण्यांच्या पुड्या आल्या, आणि चट्टे सुरू झाले. त्यावर मी भट्टी आणली.

मग मी काय केलं असेल? भिंतीवरचं तुझं पत्र काढून घडी करून ठेवलं, आणि पीठ एका पेटीत ताटलीभर पाण्याशेजारी दोन दिवस उघडं ठेवून दिलं. मुद्दाम सादळवलं. वाफ देताना पेटीच्या काचेला नाक लावून बसले होते. पीठ आधी हिरवट झालं, मग कडेपासून काळं होत आलं आणि थांबलंच नाही. आकडा शहाण्णव.

ओल लागते, मामा. या लेपाला ओलच लागते. नळीवर पाण्याचा अगदी बारीक थर असला तरच तो नीट धरतो. तुला त्याहून वाईट गोष्ट सांगू? हे पुस्तकात आहे. एका ओळीत, पण आहे, आणि ती ओळ मी चार वर्षांपूर्वी पेन्सिलनं अधोरेखित केलेली आहे. बाईंना दाखवली तर त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण त्यांनाही ती माहीत होती. मी ती ओळ विसरले, कारण लेपाच्या बाबतीत तू म्हणशील ते, हे माझ्या डोक्यात सात वर्षांची असल्यापासून बसलंय. दुसऱ्या कुणी "आधी भाज" म्हटलं असतं तर मी त्याच्याशी वाद घातला असता.

म्हणजे तुझा सल्ला चुकला. हे लिहायलाच दोन दिवस लागले. पण तुझा प्रश्न नसता आला, तर मी आज छत्तीस तास भाजत बसले असते.

एक झाली, दोन राहिल्या. दुसरी कालच लावलीय. तेरा दिवस. एकीला चार-पाच लागतात. आता काही मोडलं नाही म्हणजे मिळवलं.

अंगठ्याचं वाचून मी इथे टेबलावर बसून रडले. बाई आत आल्या आणि त्यांना वाटलं, बॅच फसली.

चिमटी

२४ मार्च

चिमटे,

जन्मभर जी ओल घालवली, तिचीच तुला गरज निघाली! मोठ्यानं हसलो. मला माझं हसू ऐकू येत नाही, पण मामी स्वयंपाकघरातून पळत आली, म्हणजे मोठ्यानंच असणार. चुकलो याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. बर्फाच्या कारखान्याच्या वेळी तर आठ दिवस तोंड लपवत होतो.

एक सल्ला देऊ का? देतोच. आता काही बदलू नकोस. चमचा बदलू नकोस, ताटली बदलू नकोस, जमलेल्या कामात शहाणपणा घालू नकोस.

तुझं पत्र मी डावखुऱ्याला दाखवलं. त्याला नळ्यांचं काही कळलं नाही, पण प्रश्नाचं कळलं. म्हणाला, मास्तर, माझ्याकडे एक पंप तिसऱ्यांदा आलाय, जरा येऊन विचारा ना. गेलो. गिऱ्हाइकाला समोर बसवलं, त्यानं उत्तरं पाटीवर लिहून दिली. चौथ्या प्रश्नाला कळलं की मोटरीत काही दोष नाही, हा बाबा पंप चिखलात बसवतोय. स्क्रू ड्रायव्हर उचलावा लागला नाही. उद्या परत बोलावलंय. बघू.

दुसरीचं काय झालं? मामी रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसते. मीही बसतो, पण पेपर धरून.

मामा

१ एप्रिल

मामा,

दुसरी, एकशे तीन.

आता तिसरीचं सांगते, नीट ऐक. खरं तर ती वेळेतच लागली होती, पण पेटीची रबरी कडी फाटली आणि वाफ निघून गेली. ती बॅच बाईंनी मोजली नाही, म्हणाल्या, ही कडीची चूक, तुझी नाही. पण दिवस गेले ते गेलेच. म्हणून तिसरी नव्यानं लावली ती २८ तारखेला सकाळी. सहा तास ढवळायचं. बरोबर तिसऱ्या तासाला मोटर थांबली.

ढवळणं थांबलं की पीठ तळाला बसतं आणि लेप एकीकडेच चढतो. सगळं संपलंच म्हणायचं. मी हात खाली सोडून उभी राहिले. रडायचंही सुचलं नाही. दुसऱ्या खोलीतलं ते यंत्र त्यांच्याच कामाला लागलेलं होतं. मग बाई आल्या, पाहिलं, पदर खोचून स्टूल ओढलं आणि काचेची कांडी घेऊन स्वतः ढवळायला बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मामांनी काय शिकवलंय ते आठव. मी थांबत नाही."

मोटर उघडली. मी तुझाच प्रश्न स्वतःला विचारला, चालत होती तेव्हा काय वेगळं होतं, आणि उत्तर काहीच येईना. मग हातानं पाहिलं. दोऱ्याखाली, जिथे कॉइलचं टोक बाहेरच्या वायरला जोडलेलं असतं, तिथे सांधा सुटला होता. महिनाभराच्या थरथरीनं सुटला असेल, डावखुऱ्याला बोल लावू नकोस. पण तो सांधा गाठींच्या खाली होता. दोरा कापावा लागला. सांधा कथिलानं डागला, वर वीज अडवणारी नळकांडी चढवली, आणि मग दोरा पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा माझे हात अडले. वीस वर्षांत मी गाठ बांधली नव्हती. म्हणून आधी तांब्याच्या दोन तुकड्यांवर बांधून पाहिली. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी डोळे मिटले आणि तुझा हात आठवला, कसा कोपरातून फिरतो तो. बसली. मग मोटरीवर तशाच सात बांधल्या.

बाई एक तास पन्नास मिनिटं ढवळत होत्या. उठल्या तेव्हा त्यांना मनगट वळवता येत नव्हतं. मोटर पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत खुर्च्यांवर बसून राहिलो. बाई म्हणाल्या, "मलाही फार थकायला होतं गं हल्ली." एवढंच म्हणाल्या.

काल दुपारी मोजली. सत्त्याऐंशी.

जागा राहिली, मामा. दोन वर्षं. मला वाटलं होतं, मी नाचेन. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि मला झोप लागली. बाईंनी दिवा मालवून ठेवला होता.

तांब्याच्या तुकड्यांवर बांधलेली ती तिसरी गाठ सोबत पाठवतेय. तपासून कळव. खोटं सांगू नकोस.

चिमटी

९ एप्रिल

चिमटे,

पत्र मामीनं वाचायच्या आधी मी वाचलं. सत्त्याऐंशी! खाली लिहिलेलं मला दिसेना, म्हणून पुढचं मामीनं वाचलं, म्हणजे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. तुझ्या बाईंच्या मनगटाला शेक द्यायला सांग.

गाठ मिळाली. अंगठ्याला काही कळलं नाही. बाकीच्या बोटांना अर्धवट. मग ओठाला लावून पाहिली. मामी समोरच होती, या वेळी काही बोलली नाही.

डावीकडे आहे. टोक आत आहे, पण जरा लांब ठेवलंस, ते खाली टोचतं. पुढच्या वेळी आखूड काप. बाकी घट्ट आहे. गाठ माझीच आहे.

आता दोन दिवस झोप काढ, बॅच लावू नकोस. मी निघतो. डावखुऱ्याकडे आज दोन पंप आलेत आणि त्याला ही दाखवायची आहे, म्हणून खिशात टाकलीय.

मामा